पाण्यात न टाकलेला तुकडा

काका, स्मशानात मी तुमच्याबद्दल खोटं बोलले.

चितेला अग्नी दिला आणि रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एक कूलरवाले शेठ बोलले, तुमचे व्याही बोलले, आणि मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मुक्ता, तू बोल दोन शब्द." दोन शब्दांत भागवायची सवय मला कधी होती? मी पुढे आले. जालन्यासारख्या कोरड्या शहरात बसून फायबरच्या होड्या बांधणारा हा एकच माणूस होता, असं म्हणाले. इथपर्यंत खरं होतं. मग माझा आवाज चढला. "दत्ताकाका लोकांपुढे झुकणारे तज्ज्ञ होते. धरणाच्या फुगवट्यावरच्या मासेमारांनी हात वर करून ठराव केला, आणि काकांनी आपला हट्ट बाजूला ठेवून स्वतःच्या हातांनी होड्यांच्या बैठकीखालचे बंद डबे कापून दिले. लोकांचा निर्णय मानणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शिकावं."

माणसांनी माना हलवल्या. कोणीतरी "वा" सुद्धा म्हणालं आणि मग जागा आठवून गप्प झालं. फक्त तुमच्या शेडमधला रफिक मान न हलवता माझ्याकडे बघत राहिला. तुम्ही तोवर पेटला होतात. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा झाला, आणि तो असा.

ते डबे तुम्ही का कापलेत हे मला माहीत होतं. सगळ्यांदेखत मी तुम्हाला दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. घरी आले, हातपाय धुतले, आणि टेबलावर पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला होडीच्या फायबरचा तो पांढरा तुकडा पहिल्यांदा नीट बघितला. तुम्ही मला तो दिला होतात पाण्यात टाकून बघायला. मी त्याचा वापर केला पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, हे तुम्हाला सांगायला नको. निम्मी तर तुमच्याच स्कूटरवरून वाटली गेली. बाबा आणि तुम्ही एका वर्गातले. बाबा लिहायचे, छापून आणायचे, आणि तुम्ही वाटायचात, न वाचता. "लिहिणाऱ्यानं लिहावं, वाटणाऱ्यानं वाटावं, वाचायची जबरदस्ती कुणावर न्हाई," असं म्हणायचात. त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता यायला लागलं. मोठी झाल्यावर मीच लिहायला लागले, तेव्हा तुमच्या शेडमध्ये माझं स्वागत ठरलेलं असायचं.

"आली का पत्रकबाई! रफिक, फरशीवर हातरायला कागद आला रे!"

आणि खरंच, उरलेली पत्रकं तुमच्या शेडमध्ये अंथरली जायची. सांडलेलं चिकट रेझिन ती चांगली शोषून घेतात म्हणे. मी चिडायचे. तुम्ही म्हणायचात, "अगं, तुझे विचार लोकांच्या डोक्यात मुरतेत का न्हाई देव जाणे, पन रेझिन त्याच्यात बराबर मुरतंय."

तरुणपणी तुम्ही कोकणात होड्या बांधायच्या कारखान्यात होतात. तुमची आई आजारी पडली म्हणून परत आलात आणि जुन्या जालन्यात धान्याच्या गोदामांमागे शेड टाकलीत. कूलरच्या बॉडी, पाण्याच्या टाक्या, संडासाची दारं. लहानपणी मी उंबऱ्यात बसून बघायचे. काचेच्या तंतूंची पांढरी चटई साच्यावर अंथरायची, ब्रशनं रेझिन पाजायचं, रोलर फिरवून आतली हवा दाबून काढायची, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. नखाच्या रंगासारखा उग्र वास. आणि मग थोड्या वेळानं तीच लुळी चटई पत्र्यासारखी टणक. तुम्ही त्यावर बोटानं टकटक करून म्हणायचात, "हे कूलर हायत म्हणून. न्हाईतर हेच हात समुद्रावर चाललेत." तुम्हाला बढाई मारायला आवडायचं. मिशीला कलप लावायला आवडायचं. रेझिनच्या कारखान्यातल्या साहेबाला त्याचंच रसायनशास्त्र फोनवर शिकवायला आवडायचं. अंगाला काचेची कुसळं लागून खाजत असतानाही एका हातानं खाजवत दुसऱ्या हातानं तुम्ही समोरच्याला गप्प करायचात. मी वाद घालायला शिकले ती बाबांकडून नाही. बाबा फक्त लिहायचे.

आष्टीच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याला मी जायला लागले ते मासेमारांच्या हक्काच्या पत्रकासाठी. तिथं सोनाजीबाबांना, म्हणजे त्यांच्या सोसायटीच्या म्होरक्यांना, थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यावर बसून जाळं टाकताना बघितलं. पाय पाण्यात, कंबरेपर्यंत ओलं, आणि बाजूला त्यांच्याच सोसायटीतली गंगूमावशी तशाच तराफ्यावर हातानं पाणी मारत निघालेली. मी तडक तुमच्या शेडमध्ये आले आणि म्हणाले, "काका, होडी करा."

"होडी? मी कूलरवाला माणूस हाय."

"मग समुद्रावर चाललेले हात कोणाचे होते?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग खडू उचललात आणि फरशीवर, माझ्याच एका पत्रकाशेजारून, लांब वाकडी रेघ मारलीत. ती होडीची बाजू होती. त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कधी विसरले नाही. एका कूलरवाल्या माणसाला वीस-पंचवीस वर्षं जे काम कोणी मागितलं नव्हतं ते मी मागितलं होतं. हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते काका. आज माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं फार थोडं आहे.

पहिली होडी उन्हाळ्यात तयार झाली. नळाला पाणी येऊन कितीतरी दिवस झालेले, गल्लीत टँकरपुढे हंडे मांडलेले, आणि त्यातून तुमचा टेम्पो पांढरीशुभ्र होडी उलटी घालून निघाला. पुढे रिक्षा अडकली, मागे स्कूटरी अडकल्या. हंड्यांच्या रांगेतून एक बाई ओरडली, "ओ भाऊ, कुठं घेऊन चालले? आमच्या नळाला लावता का?" एक म्हातारा म्हणाला, "यंदा पाऊस लय हाय जनू." आणि तुम्ही टेम्पोच्या खिडकीतून एखाद्या मंत्र्यासारखा हात हलवत होतात. मी मागं होडीला धरून उभी होते आणि हसून हसून माझं पोट दुखत होतं. तो माझा सगळ्यात आवडता दिवस आहे.

होडी पाण्यात उतरली. हलकी, दोघांनी उचलून काठावर ठेवावी अशी. महिन्याभरात सोनाजीबाबा कुरकुरायला लागले. फुगवट्याखाली बुडालेल्या गावाच्या भिंती आहेत, बाभळीची खोडं आहेत, त्यावर होडीचं बूड घासतं, ओरखडे पडतात. तुम्ही म्हणालात, "डिझाइन कोकणात चाललेलं हाय. काय होत न्हाई." मी बैठक बोलावली. जे वापरतात त्यांनी ठरवायचं, हे आमचं जुनं वाक्य. हात वर झाले. तुम्ही कुरकुरत बुडाला जास्तीच्या थरांच्या जाड पट्ट्या लावून दिल्यात. पाण्यानं त्यांची बाजू खरी केली. बुडाचे ओरखडे थांबले, आणि तुम्ही सगळ्यांसमोर कान पकडलात. "समुद्रात बाभळी नसतेत ना बाबा! चुकलं माझं."

सगळे हसले. मी त्या दिवशी घरी जाऊन लिहिलं की कष्टकऱ्यांच्या मतापुढे तज्ज्ञानं चूक मान्य केली. ते पत्रक खूप गाजलं. काका, तिथंच माझं चुकायला सुरुवात झाली असावी. तुम्ही चूक मान्य करण्याइतके मोठे होतात, आणि मी त्याचा अर्थ असा काढला की तुम्ही चुकताच.

कारण पुढचा वाद डब्यांचा होता. एव्हाना सगळ्यांच्या होड्या तयार होऊन पाण्यात उतरल्या होत्या. प्रत्येक होडीत पुढच्या आणि मागच्या बैठकीखाली एकेक डबा, चहूबाजूंनी फायबरनं बंद, आत नुसती हवा. लोकांना तिथं जाळं ठेवायचं होतं, भाकरी ठेवायची होती, उन्हापासून मासळी झाकायची होती. होडीत जागा तेवढीच. आणि तुम्ही म्हणत होतात, डब्याला हात लावायचा नाही.

निंबाखाली बैठक भरली. तुम्ही बोलायला उभे राहिलात.

"फायबर तरंगत न्हाई," तुम्ही म्हणालात. "हलकं हाय म्हणून तुम्हाला वाटतं तरंगंल. ताटली पाण्यावर ठेवली तर तरंगती, पन पाणी आत गेलं की तळाला. होडीत पाणी भरलं तर तिला वर धरणारे हे दोन डबे हायत. दुसरं कुणी न्हाई."

"आमचा तराफा उलटला तरी वरच ऱ्हातो की," सोनाजीबाबा म्हणाले.

"तो थर्माकोल होता बाबा! हे काच हाय."

"मंग झाकण लावून द्या डब्याला," गंगूमावशी म्हणाली.

"झाकण लावायला माणूस लागतो, मावशी. आन माणूस विसरतो."

लोक आपसांत बोलायला लागले. त्यांच्या अनुभवात न बुडणारं एकच वाहन होतं, आणि ते त्यांच्या अनुभवावरून बोलत होते. तुम्ही ते ओळखलंत. हात वर करून म्हणालात, "एक काम करा. मी एका होडीचे डबे कापतो. काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, तुमच्या समोर ती भरतो आन बुडवून दाखवतो. दुसरी बंद डब्याची, ती पन भरतो. दोन्ही बघा. मंग काय मत टाकायचं ते टाका."

आणि मी उठले.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतर मीच ते छापलं. "भीती दाखवून मतं मागायची पद्धत आपल्याला नवी नाही. आजवर सगळ्यांनी तेच केलं. ऐका नाहीतर बुडाल. या सभेत कोणी कोणाला बुडवून दाखवणार नाही. माणसं शहाणी आहेत, ती विचार करून ठरवतील."

टाळ्या पडल्या. तुम्ही अजून उभेच होतात. हळू आवाजात, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणालात, "मुक्ते, पाण्याला मतदान कळत न्हाई गं."

"पण माणसांना कळतं," मी मोठ्यानं म्हणाले. पुन्हा टाळ्या.

हात वर झाले. डबे कापायचे ठरले. तुम्ही सभासद नव्हतात, तुम्हाला हात वर करायचा अधिकार नव्हता. तुम्ही खिशात हात घालून निंबाला टेकून उभे राहिलात.

मी त्यांना ठरवू दिलं असं मी सांगत आले. मी त्यांना बघू मात्र दिलं नाही. विचार करून ठरवा म्हणाले आणि विचार ज्यावर करायचा ती गोष्टच सभेबाहेर ठेवली. ही लबाडी नव्हती काका. लबाडी असती तर मला आज सोपं गेलं असतं. मी ते अगदी मनापासून केलं, तत्त्व म्हणून केलं.

कापायचं काम कोणीही केलं असतं. तुम्ही नाही म्हणालात. "ज्यानं बांधली त्यानंच कापावी. दुसऱ्यानं कापली तर कड चिरती." दुसऱ्या दिवशी रफिकला घेऊन आलात आणि एकेका होडीचे डबे कापलेत. पांढरी धूळ उडत होती, तुमच्या पापण्यांवर बसत होती. कापून झाल्यावर प्रत्येक भोकाची कड तुम्ही घासून गुळगुळीत केलीत, जाळं काढताना कोणाच्या हाताला काच लागू नये म्हणून. शेवटी सोनाजीबाबांच्या होडीच्या पुढच्या डब्यातून निघालेला ताटलीएवढा तुकडा तुम्ही माझ्या हातात दिलात.

"घरी जाऊन पाण्यात टाकून बघ. टाळ्या वाजवायला कुणी नसंल तवा."

मी हसले. तुम्ही नाही हसलात.

नंतर आपण एकदाच भेटलो. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला चहाला थांबले होते, दोन सहकारी बरोबर होते, आणि तुम्ही रेझिनचं पिंप घेऊन टेम्पोतून उतरलात. मी चहा घ्या म्हणाले. तुम्ही उभ्या उभ्या घेतलात. तुमची मिशी पांढरी झाली होती. कलप लावायचं सोडलंय का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण आपल्यात तेवढं बोलणं राहिलं नव्हतं.

"टाकलास का पाण्यात?" तुम्ही विचारलंत.

"वेळच नाही मिळाला, काका."

"बादली तर हाय ना घरी?"

माझे सहकारी हसले, मीही हसले. तुम्ही ग्लास ठेवलात आणि गेलात. आपलं शेवटचं बोलणं बादलीवर संपलं.

तुमच्या चितेच्या रात्री मी ती बादली भरली. तुकडा हातात घेतला. एक बाजू आरशासारखी चकचकीत, दुसरी खडबडीत, आत काचेचे तंतू अजून दिसत होते. इतका हलका, की मी सोडतानाही वाटलं, वर राहील. तो तिरका झाला, एक हेलकावा खाल्ला आणि तळाला जाऊन टक्क वाजला. एवढंच. तुम्ही सभेत सांगितलंत, कापताना सांगितलंत, चहा पिताना विचारलंत. याला वेळ लागला किती? एक श्वाससुद्धा नाही.

मी बाथरूमच्या दारात बसून राहिले. रडले नाही. मला सगळ्यांत आधी राग आला, आणि तो तुमचा आला. तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत? तुम्हाला ठाऊक होतं ना? रेझिनवाल्या साहेबाला गप्प करणारा माणूस, माझ्यापुढे का गप्प झालात? होड्या तुमच्या हातच्या होत्या. नाही कापत म्हणायचं, टेम्पोत घालून परत न्यायच्या. मी तुम्हाला हुकूमशहा म्हणाले असते, पत्रक काढलं असतं, आणि सगळी माणसं बंद डब्यावर बसून मासे धरत राहिली असती. माझं बोलणं इतकं मनावर का घेतलंत?

सकाळी शेडमध्ये गेले. रफिक एकटाच साच्याला मेण घासत होता. होडी साच्यातून सुटून यावी म्हणून आधी मेण लावतात, तुम्ही त्याला ते मन लावून करायला शिकवलं होतं. बाहेर एक नवी होडी उभी होती, गेल्या महिन्यात तुम्ही बांधलेली. तिचे डबे अजून बंद होते. मी त्याला तोच प्रश्न विचारला. काका 'नाही' का म्हणाले नाहीत?

"म्हणले असते ना ताई," रफिक म्हणाला, "मंग लोकं छिन्नी-हातोड्यानं फोडले असते. डबा तर गेलाच असता, बूडबी चिरलं असतं. उस्ताद म्हणले, कापायचंच हाय तर परत जोडता यावं असं कापू."

तो मागं गेला आणि पोतं उघडून दाखवलं. कापलेले सगळे तुकडे त्यात होते. एकही फेकला नव्हता. प्रत्येकाच्या खडबडीत बाजूवर पेन्सिलीनं होडीवाल्याचं नाव होतं.

"एक कमी हाय," रफिक म्हणाला.

"तो माझ्याकडे आहे."

"मालूम हाय." मग पोत्याचं तोंड बांधत, "उस्ताद बोलायचे, पोरगी माणसाचं ऐकायची न्हाई, पन बादलीचं ऐकंल."

काका, मी बादलीचं ऐकलं, पण तुम्ही असताना नाही.

रफिकनं टेम्पो काढला, नवी होडी घातली आणि आम्ही आष्टीचा रस्ता धरला. काठावर सोनाजीबाबा, गंगूमावशी आणि बाकीची माणसं जाळी सोडवत बसली होती. तुमच्याविषयी बोलणं झालं. गंगूमावशीनं पदर डोळ्यांना लावला. मग मी म्हणाले, डबे परत बंद करायचे आहेत.

"ठराव झालाय ना बाई?" सोनाजीबाबा म्हणाले. "सगळ्यांनी हात वर केल्ते. तूच म्हणलीस, ठरलं ते ठरलं."

"आन आता डब्यात जाळं ऱ्हातं, भाकर ऱ्हाती," गंगूमावशी म्हणाली. "तू काय, पत्रक वाटती आन एसटीत बसून जाती. पाण्यात आमी बसतो."

माझंच बोलणं होतं, माझ्यासमोर येऊन उभं राहिलेलं. मी म्हणाले, "मी मत मागायला नाही आले. होडी बुडवायला आले."

"कुणाची?"

"तुमची, बाबा."

ते आधी बघत राहिले आणि मग खो खो हसले. "दत्ता गेला आन हिच्या अंगात आला का काय! चला रे. बुडवा. पन काठाजवळ, आन दोर बांधून."

पाणी छातीपर्यंत होतं आणि चांगलंच थंड. आधी बंद डब्यांची होडी. चौघांनी एका बाजूला लटकून तिच्यात पाणी घेतलं. काठोकाठ भरली, कडा पाण्याबरोबर आल्या, आणि ती तिथंच राहिली. चौघं तिला धरून लोंबकळले तरी ती पाण्याखाली जाईना. पोरं शिट्ट्या मारायला लागली.

मग सोनाजीबाबांची. तिला पाणी घ्यायला वेळ लागला नाही. तुम्ही घासून गुळगुळीत केलेल्या त्या भोकांतून पाणी डब्यांत गेलं, ढब ढब असा आवाज आला, पुढचं टोक खाली झालं, आणि जिथं होडी होती तिथं नुसतं गढूळ पाणी होतं. काठाकडे जाणारा दोर ताणला गेला. धरून लोंबकळायला आलेली माणसं रिकाम्या हातांनी पाण्यात उभी होती.

कोणी शिट्टी मारली नाही. सोनाजीबाबा त्या दोराकडे बघत होते. रोज पहाटे ते त्याच होडीतून मधल्या खोल पाण्यात जायचे, आणि बरोबर त्यांचा नातू असायचा.

मग ते रागानं म्हणाले, "हे आधी का न्हाई दाखवलं त्यानं? एवढा शहाणा होता, तर दाखवायचं ना!"

काका, त्या क्षणी मी गप्प राहू शकले असते. सभेला आता खूप महिने झाले होते, तुमचं ते बोलणं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, लक्षात राहिल्या होत्या टाळ्या. तुम्ही उत्तर द्यायला नव्हतात. स्मशानात जसं जमलं तसं इथंही जमलं असतं. रफिक माझ्याकडे बघत होता, अगदी तसाच.

"दाखवणार होते बाबा," मी म्हणाले. "भर सभेत म्हणाले होते, बघा आणि मग मत टाका. मी दाखवू दिलं नाही. मी म्हणाले, ही भीती घालणं आहे. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या."

शिव्या येतील असं मला वाटलं, त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सोनाजीबाबा वळून काठाकडे गेले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. गंगूमावशीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मंग आता उभी काय राह्यलीस?" ती म्हणाली. "दोर वढ."

आम्ही दोर ओढला. भरलेली होडी किती जड होते हे मला माहीत नव्हतं. हाताची सालटं निघाली.

रफिक दोन दिवस तिथंच राहिला. पोत्यातले तुकडे एकेक करून आपापल्या होडीत परत बसले. तुम्ही इतकं सरळ कापलं होतंत की प्रत्येक तुकडा आपल्या भोकात हातानं दाबला तरी थांबायचा. कडेनं चटईच्या पट्ट्या, रेझिन, रोलर. मी रोलर फिरवला आणि रफिकनं दोनदा माझं काम उचकटून पुन्हा केलं. सोनाजीबाबांच्या होडीच्या पुढच्या डब्याचा तुकडा माझ्या पिशवीत होता, तो मी स्वतः बसवला. जाळं कुठं ठेवायचं यावर मागं माणसांचं जोरात भांडण चाललं होतं. कोणी म्हणे बैठकीवर आकडे लावा, कोणी म्हणे मधे फळी टाका. शेवटी हात वर करायचं ठरलं. मी सभासद नाही. मी निंबाला टेकून उभी राहिले.

आपला वाद मिटलेला नाही, हेही सांगते. माणसांनी ठरवायला हवं हे मी अजून म्हणते, आणि तुम्ही असतात तर अजून भांडले असते. पण डब्यांच्या सभेत तुम्हीसुद्धा तेच म्हणत होतात काका, माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन, आणि मी टाळ्यांच्या आवाजात ते ऐकलं नाही. सोनाजीबाबा माझ्याशी अजून बोलत नाहीत. बोलावं असं मी त्यांना म्हणणार नाही.

आता टेबलावर तो तुकडा नाही. पंखा लावला की पत्रकं खोलीभर उडतात. एका हातानं गठ्ठा दाबून धरलाय, आणि दुसऱ्या हातानं हे लिहिते आहे.